पाणी उतरते, पायरी राहते

अमरावती किंवा अकोल्याच्या नव्या वसाहतींतून आज फेरफटका मारला, तर एक नवी हौस दिसते. ज्यांच्याकडे घरामागे थोडी मोकळी जागा आहे, त्यांना तिथे तळे हवे असते. कुंडीत मावणारे नव्हे, तर चांगले ऐसपैस तळे. त्यात कमळे असावीत, रंगीत मासे असावेत, काठाला गोल गुळगुळीत दगड असावेत आणि संध्याकाळी खुर्ची टाकून बसता यावे. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. त्यामुळे ओळखीची माणसे कधी कौतुकाने, कधी खोचकपणे विचारतात, "काय हो सर, आपल्या वऱ्हाडासारख्या कोरड्या मुलखात हे असले चोचले पूर्वी कोणी केले होते का?"

माझे उत्तर असे की, केले होते आणि भरपूर केले होते. वऱ्हाडात शोभेच्या तळ्याची परंपरा निदान पाच-सहाशे वर्षांची आहे. पण आपल्या जुन्या तळ्यात आणि आजच्या बंगल्यामागच्या तळ्यात एक मोठा फरक आहे. आजचे तळे काठोकाठ भरलेल्या पाण्याची कल्पना करून बांधले जाते. जुने तळे उतरणाऱ्या पाण्याचा विचार करून बांधलेले असे. हा फरक समजून घेतला, तर इतिहासही कळतो आणि घरामागे खड्डा कसा खणावा हेही कळते.

आधी आपला मुलूख पाहू. अकोल्याकडे वर्षाला साधारण साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत पडतो. उरलेले आठ महिने आकाश कोरडे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि मे महिन्यात उघड्या तळ्यातून रोज सेंटीमीटरभर पाणी नुसते उडून जाते. जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्यात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. इथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. अशा ठिकाणी आकाशातून पडलेले पाणी तेवढे गोड. ते साठवायचे, आणि ते दिवसागणिक कमी होत जाणार हे मान्य करायचे, यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

या मुलखातल्या किल्ल्यांवर हीच रीत दिसते. बहमनी सुलतान अहमदशहा १४२५च्या सुमारास काही काळ एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, मुक्काम करून होता. त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर १४८७ सालचा फतहुल्ला इमादुल्मुल्कचा लेख आहे. पाहायला जाणारे या दरवाजाचे कोरीव काम पाहून परततात. पण खरी करामत आत, डोंगरमाथ्यावर आहे. एका तळ्यावर सारी भिस्त न ठेवता उताराउतारावर अनेक तळी आणि टाकी केलेली आहेत. काही उन्हाळ्यात आटतात, काही टिकतात. नरनाळ्याचा शक्कर तलाव, गाविलगडावरचे देवतलाव आणि मच्छली तलाव ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. हजारो माणसे आणि जनावरे डोंगरावर सांभाळायची, तर पावसाचा हिशेब चोख लागतो.

किल्ल्यावरचे तळे गरजेचे होते. अचलपूरजवळचा हौज कटोरा मात्र हौसेचा. एका मोठ्या गोल हौदाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा उभा आहे. आज त्याचे तीन मजले दिसतात. वरचे मजले एका नवाबाने आपल्या वाड्यासाठी उतरवून नेले, असे सांगतात. कमानींच्या गवाक्षांत बसावे, खालून पाण्यावरून येणारा गार वारा घ्यावा, हा त्याचा उपयोग. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये महाल ही कल्पना दख्खनी सुलतानांना फार आवडे. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, सोळाव्या शतकातला फराहबख्श महाल असाच तलावाच्या मधोमध आहे. ज्या मुर्तजा निजामशहाच्या काळात तो पुरा झाला, त्यानेच १५७४ साली वऱ्हाडची इमादशाही बुडवली.

पण हौज कटोऱ्याकडे पाहताना मला नेहमी वाटते की त्याची मजल्यांची रचना केवळ उंचीच्या हौसेपोटी नसावी. भाद्रपदात हौद भरलेला असताना वरच्या गवाक्षातून दिसणारे दृश्य वेगळे आणि फाल्गुनात पाणी खाली गेल्यावर खालच्या कमानीत बसून दिसणारे वेगळे. पाणी खाली गेले म्हणून जागा ओस पडत नाही. माणूस एक मजला खाली येतो, एवढेच. हा माझा अंदाज आहे, पण वऱ्हाडातली इतर जुनी तळी पाहिली की तो पटू लागतो.

त्या काळी इथे बागेची रसिकता होती, याची साक्ष दूरच्या माणसाने दिली आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बेरार सुभ्याचे वर्णन केले आहे. त्यात एलिचपूर हे मोठे शहर आणि राजधानी असल्याचे सांगताना तो एका सुवासिक फुलाचा मुद्दाम उल्लेख करतो. जमिनीलगत फुलणारे हे फूल, त्याचे नाव भुईचाफ्याशी जुळणारे. बाळापूरविषयी लिहिताना तो म्हणतो की, जवळच्या दोन ओढ्यांच्या काठी तऱ्हेतऱ्हेचे सुंदर दगड सापडतात आणि लोक ते घासून-कापून जपून ठेवतात. आज आपण बागेच्या काठाला लावायला रंगीत खडे पिशवीभर विकत आणतो. चारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याच्या दरबारी लेखकाला आपल्या मन-म्हैस नद्यांच्या काठचे खडे टिपून ठेवावेसे वाटले होते!

आता सिंदखेडराजाला जाऊ. जिजाऊंच्या जन्मस्थानी हजारो लोक दरवर्षी जातात. तिथल्या वाड्याइतकेच लखुजीराव जाधवांच्या घराण्याच्या काळातले पाण्याचे काम पाहण्यासारखे आहे. मोती तलावाच्या बांधात दगडी कमानींचे बांधकाम आहे. चांदणी तलावाच्या मधोमध वास्तू आहे. आणि पुतळा बारव तर पायऱ्यांचाच उत्सव आहे. बारव म्हणजे विहिरीला पायऱ्या, असे आपण सोपे करून म्हणतो. खरे तर बारव म्हणजे उतरणाऱ्या पाण्याचे वेळापत्रक. दसऱ्याला पाणी कोणत्या पायरीवर, होळीला कोणत्या, अक्षय्यतृतीयेला कोणत्या, हे गावच्या बायकांना पाठ असे. पायरी बघून कळे की यंदा आषाढापर्यंत पाणी पुरेल की नाही.

१९९८पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीमला बालाजी मंदिराजवळ देवतलाव आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी साबाजींचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात मंदिर आणि हा तलाव बांधला. कारंज्याच्या ऋषी तलावाची तर कथाच आहे की करंज ऋषींनी तो खणला. कथा खरी की खोटी हा वेगळा प्रश्न. तळे खणणाऱ्याला लोकांनी ऋषी मानले, ही गोष्ट मात्र खरी.

पायरीत एक भौमितिक शहाणपणही आहे. तळ्याच्या भिंती सरळ उभ्या असतील, तर पाणी कितीही उतरले तरी उन्हाला उघडा पडणारा पृष्ठभाग तेवढाच राहतो, आणि वाफ होऊन जाणारे पाणीही तेवढेच. पायऱ्यापायऱ्यांनी तळ अरुंद होत गेला, तर पाणी जसे खाली जाते तसा पृष्ठभाग आक्रसतो आणि बाष्पीभवन कमी होते. नेमक्या कडक उन्हाळ्यात उरलेले पाणी खोल, सावलीत आणि आटोपशीर जागी असते. हे गणित कोणी कागदावर मांडले होते की नाही, ठाऊक नाही. गवंड्यांच्या हातात मात्र ते होते.

पायरीची ही गोष्ट इथवर गोड वाटते. पण पायरीवर कोणी उतरायचे, हा प्रश्न विचारला की ती कडू होते. याच वऱ्हाडात, मोर्शी तालुक्यातल्या ऋद्धपूरला, तेराव्या शतकात गोविंदप्रभू होऊन गेले. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या लीळांमध्ये एक लीळा अशी आहे की, मातंगांना पाणी मिळत नव्हते, त्यांनी प्रभूंना विनवले आणि प्रभूंनी त्यांच्यासाठी विहिरीची जागा दाखवली. म्हणजे गावात पाणी होते, पायऱ्याही असतील, पण काही माणसांना त्या उतरायची मुभा नव्हती. त्यानंतर सहा-साडेसहा शतके ही स्थिती फारशी बदलली नाही. मार्च १९२७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना डॉ. पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. तळ्याच्या इतिहासात हौज कटोऱ्याच्या कमानींइतकेच या निर्णयाला स्थान द्यायला हवे.

आणखी एक नाव घ्यायलाच हवे. भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचन इथे पूर्णेच्या काठी यात्रा भरते. यात्रेकरू चिखलातून घसरत नदीत उतरत. गाडगेबाबांनी १९०८ साली तिथे घाट बांधायला घेतला. त्यांच्या लोकसेवेच्या आरंभीच्या कामांपैकी हे एक. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया यांना पाण्यापर्यंत न घसरता पोचता यावे, इतका साधा विचार त्यामागे होता. पायरीचा याहून सरळ अर्थ मला माहीत नाही.

मग पायरी गेली कुठे? तर नळ आला आणि पायरी गेली. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. कापसाच्या व्यापाराने अमरावती वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पाण्यासाठी पोहऱ्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी वडाळी आणि छत्री तलाव कामी आले. पाणी तलावातून नळाने पेठेत जाऊ लागले आणि तलाव फिरायला जायची जागा झाली. पुढे अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळू लागले. ही मोठीच सोय झाली, त्यात वाद नाही. पण पाणी किती उरले हे पायरीवरून कळायचे, ते आता वर्तमानपत्रातल्या टक्केवारीवरून कळते. मनातही हळूहळू असे बसले की पाणी म्हणजे नेहमी एकाच पातळीवर असणारी वस्तू.

याच समजुतीतून दोन प्रकारची नवी तळी आली. एक शेतातले. २०१६पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे वऱ्हाडात हजारो शेतकऱ्यांचे लक्ष शेततळ्याकडे गेले. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल हे त्याचे परिचित माप. खारपाणपट्ट्यात तर शेततळे हा मोठा आधार आहे. तुरीला किंवा हरभऱ्याला ऐनवेळी दिलेले गोडे पाणी पीक तारून नेते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही या भागासाठी शेततळ्याचा आग्रह धरला आहे. पण अस्तर घातलेल्या शेततळ्याचा उतार गुळगुळीत प्लॅस्टिकचा असतो. त्यात घसरलेले पोर किंवा वासरू वर येऊ शकत नाही. अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि हळहळतो. तिथे कुंपण, काठाला बांधलेला गाठीचा दोर आणि एका बाजूला चार पायऱ्या एवढे असले तरी जीव वाचतो. पायरी नसण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

दुसरे तळे बागेतले. शेगावला २००१ साली सुरू झालेला आनंदसागर अनेकांना आठवत असेल. तिथले विस्तीर्ण तळे, त्यातले बेट आणि त्यावर कन्याकुमारीच्या धर्तीवरचे ध्यानकेंद्र पाहून आपल्याकडच्या कित्येक घरांना अंगणात पाणी हवेसे वाटू लागले. संस्थानाला जे जमते ते घराला जमेलच असे नाही. घरगुती तळे काठोकाठ राखायचे, तर बोअर चालवावी लागते. खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी तळ्यात घातले की पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. पुन्हा भरले की आणखी मीठ. दोन उन्हाळ्यांत काठावर पांढरी साय येते, कमळाची पाने करपतात. मग टँकर येतो. ज्या गल्लीत बाया हंडे घेऊन उभ्या आहेत, तिथे टँकरने भरलेल्या तळ्यात कमळ फुलवणे कोणालाच शोभणार नाही.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी सांदवाडीत मोठे तळे करायचे ठरले, तेव्हा हे सगळे माझ्या डोक्यात होते. तरी शेवटचा शब्द आमच्या म्हाताऱ्या गवंड्याचा ठरला. घरातली तरुण मंडळी भरलेल्या तळ्याचे चित्र दाखवत होती. त्यांचे ऐकून घेऊन तो मला म्हणाला, "सर, पानी त उतरनच. ते कायले धरून ठेवता बाप्पा? उतरलं तरी चांगलं दिसलं पाह्यजे, असं बांधू."

तसे बांधले. वरचे माप चाळीस फूट लांब, सव्वीस फूट रुंद. खाली तीन टप्पे. पहिला दोन फूट खोल, मग तीन फूट आत सरकून दुसरा तेवढाच खोल, आणि मधला खोलगा अडीच फुटांचा. एका बाजूने वरपासून तळापर्यंत काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या. सगळे मिळून सुमारे सव्वा लाख लिटर पाणी मावते. घराचे आणि गोठ्याचे छप्पर मिळून दीड हजार चौरस फूट. चांगल्या पावसाळ्यात त्यावरून ऐंशी हजार लिटरच्या आसपास पाणी हाती येते, आणि तळ्यावर थेट पडणारा पाऊस वेगळा. बोअरचा एक थेंब लागत नाही. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडतो. नंतरचे आधी एका लहान टाक्यात येते, तिथे गाळ बसतो आणि मग ते तळ्यात उतरते. जास्तीचे केळीच्या वाफ्यात जाते.

काळी माती फुगून भिंत ढकलते, म्हणून भिंतीमागची काळी माती काढून तिथे मुरूम भरला. खाली जाड प्लॅस्टिक, त्यावर मुरूम आणि त्यावर दगड. झाड पश्चिमेला, पण पंधरा फूट लांब. म्हणजे दुपारनंतर सावली मिळते आणि पाला पाण्यात पडत नाही. काठाला वाळा आणि कर्दळ. कमळे कुंड्यांत, त्यामुळे पाणी खाली गेले की कुंडी एक टप्पा खाली सरकवता येते. डासांसाठी गप्पी मासे. घरात लहान मुले असल्याने भोवती कंबरभर उंचीचे कुंपण आणि त्याला कडीचे दार. पहिला टप्पा दोनच फूट खोल ठेवण्याचे तेही एक कारण.

होळीच्या सुमारास वरचा टप्पा उघडा पडतो. तिथे बसायला ऐसपैस ओटा मिळतो. अक्षय्यतृतीयेनंतर दुसरा उघडतो. मृग लागतो तेव्हा मधल्या खोलग्यात दीडेक फूट पाणी असते, मासे जिवंत असतात आणि आसपासचे साळुंक्या-होले पायऱ्यांवरून उतरून पाणी पितात. भरलेल्या तळ्यापेक्षा हे दृश्य कमी आहे, असे आमच्या घरात आता कोणी म्हणत नाही.

ज्यांना घरामागे तळे करायचे आहे, त्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. आधी आपले छप्पर मोजा आणि त्यावरून तळ्याचे माप ठरवा. मेमध्ये ते कसे दिसेल याचे चित्र काढा, ऑगस्टचे चित्र आपोआप चांगले येते. तळापर्यंत पायरी ठेवा. आणि उन्हाळ्यात शेजारचे कोणी हंडाभर पाणी झाडांना न्यायला आले, तर त्यालाही ती पायरी उतरू द्या. आपल्या मुलखात तळ्याची शोभा पाण्याच्या उंचीवर कधी अवलंबून नव्हती. शेवटचे पाणी कितीजणांच्या हाती लागते, यावर ती ठरत आली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)